झाडावरची खूण

देऊळगाव राजाहून चिखलीकडे निघालं की गाव मागे पडता पडता शेडनेटं दिसू लागतात. आत टोमॅटो, मिरची, काकडी असते, पण ती भाजीबाजारासाठी नसते, बियांसाठी असते. कंपनी नर आणि मादी वाणांचं बियाणं देते. शेतकरी त्यांचा संकर घडवून बी परत देतो. ते बी शुद्धतेच्या चाचणीत उतरलं तर पैसे, नाही उतरलं तर हंगाम वाया.

अशाच एका शेडनेटात आत्या राबायची. तिचा भाचा संगणकातला. पुण्यातली नोकरी सोडून तो गावी आला, माडीवर टेबल टाकलं आणि घरूनच काम करू लागला. त्याने एक लहानसं स्क्रिप्ट इंजिन लिहिलं होतं. स्क्रिप्ट इंजिन म्हणजे दुसऱ्याच्या प्रोग्रामच्या पोटात बसवायचं यंत्र. ठिबकच्या कंट्रोलरचा मूळ प्रोग्राम एकदा चिपवर चढवला की तो उठसूट बदलता येत नाही. पण ‘ऊन असेल तर चार मिनिटं पाणी, ढग असेल तर दोन’ हे नियम रोज बदलतात. ते सोप्या भाषेत लिहायचे आणि इंजिनाने वाचून चालवायचे. कंट्रोलरने इंजिनाशी ज्या ठरलेल्या फंक्शनांतून बोलायचं, तो इंजिनाचा एपीआय. घराला दार असतं, तसा.

चिखलीचा एक मित्र हे इंजिन आपल्या ठिबकच्या पेटीत बसवून विकायचा. जालन्याचा एकजण हवामानाच्या पेटीत वापरायचा. आणखी चार-पाच जण होते. आत्याच्या शेडनेटातली पेटी चिखलीच्या मित्राचीच होती.

गावच्या बालाजी महाराजांची यात्रा नुकतीच उरकली होती आणि टोमॅटोचं क्रॉसिंग, म्हणजे संकर करायचं काम, सुरू झालं होतं. एका पहाटे पाचला आत्याचा फोन आला. “रात्रभर पाणी चालू होतं रे. ये लवकर.”

भाच्याने मोटारसायकल काढली. शेततळ्याचं पाणी हातभर उतरलं होतं. काळ्या प्लास्टिकवर ओली रेघ उठून दिसत होती. तो धावतच शेडनेटात शिरला, तशी आतून आत्या ओरडली, “आधी मागचं दार लाव!”

शेडनेटला दोन दारं असतात. पहिलं उघडून माणूस मधल्या छोट्या खोलीत येतो, ते लावून घेतो आणि मगच दुसरं उघडतो. दोन्ही दारं एका वेळी कधी उघडी ठेवायची नाहीत. पांढरी माशी मोहरीच्या दाण्याहून लहान, पण आत शिरली की विषाणू घेऊन येते. पानं आकसतात, झाड खुंटतं. बाजूची बारीक जाळी आणि आतले पिवळे चिकट सापळे आपापलं काम करतात, पण राखण होते ती त्या मधल्या खोलीमुळे.

भाच्याने मागे जाऊन दार लावलं. बेडांमध्ये चिखल झाला होता. क्रॉसिंगला आलेल्या बाया कडेला उभ्या होत्या. आठच्या सुमारास चिखलीचा मित्र आला, त्याने पेटी उघडली, लॅपटॉप जोडला, आणि दोघांनी मिळून तासाभरात कारण शोधलं.

नियमात ‘चार मिनिटं’ असं लिहिलं होतं. मित्राच्या प्रोग्रामने इंजिनाकडे ते मूल्य मागितलं. इंजिनाने मूल्य दिलं नाही, ते जिथे ठेवलंय त्या जागेचा पत्ता दिला. प्रोग्रामने तो पत्ता जपून ठेवला. पुढे इंजिनातल्या गार्बेज कलेक्टरने, म्हणजे नको झालेलं उचलून जागा मोकळी करणाऱ्या यंत्रणेने, ती जागा रिकामी केली आणि तिथे दुसराच आकडा येऊन बसला. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती. बाराला प्रोग्राम जुन्या पत्त्यावर गेला, तर तिथे चारच्या जागी तीनशे. व्हॉल्व्ह उघडला. पहाटे आत्याने हाताने कॉक बंद केला, तेव्हा कुठे पाणी थांबलं.

भाचा म्हणाला, “मी तर माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं, हा पत्ता साठवून ठेवू नका म्हणून.”

मित्र खाली पाहत राहिला. आत्याला पत्ता आणि मूल्य यांतलं फारसं कळलं नव्हतं, पण भांडण कशावरून आहे ते कळलं होतं.

“ठेवायचा नव्हता, तर दिला काहून?” ती म्हणाली. “पांढऱ्या माशीने आत येऊ नये, अशी पाटी दाराला लावून भागलं असतं, तर मी दुसऱ्या दाराला पैसे घातले असते का बाळा?”

भाच्याजवळ उत्तर नव्हतं. चूक मित्राच्या हातून घडली होती, पण त्या चुकीला दार भाच्यानेच ठेवलं होतं.

त्या रात्री त्याने आपल्या एपीआयची सगळी फंक्शनं मोजली. १४३ भरली. तीन वर्षांत ती पावसाळ्यातल्या गवतासारखी माजली होती. कोणी काही मागितलं की एक फंक्शन, कोणी अडला की आणखी एक. एकच काम करणारी तीन-तीन नावं होती. नऊ फंक्शनं तर इंजिनाच्या आतल्या जागेचा पत्ता थेट बाहेरच्याच्या हातात ठेवत होती. त्याने ठरवलं, दार नव्याने बांधायचं.

बांधण्याआधी त्याने दुसऱ्यांची दारं पाहिली. ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात १९९३ साली रॉबेर्तो इरुसालिम्स्की, लुईझ एन्रिके द फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस या तिघांनी लुआ ही भाषा घडवली. पेट्रोब्रास या तेल कंपनीच्या कामासाठी तिथे आधी सोल नावाची भाषा झाली होती. पोर्तुगीजमध्ये सोल म्हणजे सूर्य, म्हणून मागून आलेली ही लुआ, म्हणजे चंद्र. दुसऱ्याच्या प्रोग्रामात सहज बसावी, हे या भाषेचं पहिल्यापासूनचं धोरण. सी भाषेतल्या प्रोग्रामला लुआच्या आतलं टेबल किंवा फंक्शन थेट हातात मिळत नाही. दोघांच्या मध्ये एक स्टॅक असतो, ताटांच्या चळतीसारखा. मूल्य मागितलं की लुआ ते चळतीवर ठेवते. प्रोग्राम म्हणतो, ‘वरून दुसरं, त्यातला आकडा सांग,’ आणि त्या आकड्याची नक्कल घेऊन आपल्या वाटेने जातो. चळतीवर जे आहे ते वापरात आहे, हे गार्बेज कलेक्टरला वेगळं सांगावं लागत नाही. काम झालं की चळत उतरवायची.

हे वाचताना भाच्याला शेडनेट आठवलं. ही तर मधली खोली! देणाऱ्याने तिथे ठेवायचं, घेणाऱ्याने तिथून उचलायचं. दोघांची दारं एकदम उघडायची नाहीत.

मग त्याने पायथॉन ही भाषा पाहिली. तिथे बाहेरच्या सी प्रोग्रामला आतल्या वस्तूचा पत्ता मिळतो, आणि ती वस्तू कितीजणांनी धरून ठेवली आहे याची मोजणी प्रोग्रामरने स्वतः वाढवायची आणि कमी करायची असते. एकदा कमी करायला विसरला की स्मृती गळत राहते, एकदा जास्त कमी केली की वापरात असलेली वस्तूच नाहीशी होते. कितीतरी लोक हे काळजीने करतात आणि तरीही चुकतात, कारण राखण माणसाच्या आठवणीवर सोपवलेली आहे.

लुआच्या तिघांनी २०११ साली एक लेख लिहिला. त्यातली उपमा सुईच्या नेढ्याची आहे. भाषेत कुठलीही नवी सोय आणताना ती एपीआयच्या नेढ्यातून ओवता येईल का, हे त्यांना आधी पाहावं लागतं. भाच्याने ही कसोटी मनावर घेतली. दिवाळी त्याने माडीवरच काढली. फराळाचं ताट बाजूला निवत राही आणि तो एकेक फंक्शन उचलून विचारी, हे नसलं तर काय अडेल? डिसेंबर उजाडला तोवर १४३ ची ३१ झाली होती. मध्ये चळत, दोन्ही बाजूंना दारं, बाहेर पत्ता जायची सोयच नाही. काम खरोखर देखणं झालं होतं.

आता फक्त ते सगळ्यांच्या पेट्यांमध्ये पोचवायचं बाकी होतं. पेट्यांतलं इंजिन मोबाइलच्या नेटवर्कवरून बदलता यायचं आणि त्याची किल्ली मित्रांनी विश्वासाने त्याच्याकडेच ठेवली होती. त्याने ठरवलं, शुक्रवारी रात्री नवं चढवायचं, जुनी नावं त्याच क्षणी बंद. दोन दिवस आरडाओरड होईल, मग सगळे नव्याला लागतील. रोगट फांदी एकदाच छाटलेली बरी.

शुक्रवारी दुपारी तो आत्याकडे गेला. तोडणी सुरू झाली होती.

टोमॅटोच्या क्रॉसिंगची एक रीत आहे. मादी झाडावरची उद्या उमलणारी कळी आज दुपारी चिमट्याने अलगद उघडायची आणि आतले पुंकेसर काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचा पराग तिच्या आतल्या टोकाला लावायचा. आणि तिथल्या तिथे फुलाखालच्या हिरव्या पाकळ्यांपैकी दोन कात्रीने कापायच्या. ही खूण. पन्नास-साठ दिवसांनी फळ पिकतं, तेव्हा क्रॉसिंग करणारी बाई वेगळी असते आणि तोडणारी वेगळी. तोडणारीला एवढंच पाहायचं असतं, की पाकळ्या कापलेल्या आहेत का. बिनखुणेचं फळ आपोआप धरलेलं. त्याचं बी मिसळलं की सगळा लॉट नापास.

यंदा आत्याने मध्येच खूण बदलली होती. नव्याने शिकलेल्या बायांच्या हातून कधी एकच पाकळी कापली जाई, कधी पाकळी आपणच वाळून गळे, आणि खूण कोणती, अपघात कोणता, ते कळेनासं होई. म्हणून दिवाळीपासून तिने देठाला लाल दोरा सैल बांधायला लावला होता. दोरा आपोआप बांधला जात नाही.

त्या दिवशी एक नवी बाई तोडणीला होती. तिच्या टोपलीत फक्त लाल दोऱ्याची फळं होती, आणि पाकळ्या कापलेली पिकली फळं ती मागे झाडावर सोडत चालली होती. आत्याने तिला हाक मारून मागे बोलावलं. “कापलेली दिसली तरी तोड माय. फक्त टोपलीत टाकायच्या आधी मला दाखव.”

भाचा म्हणाला, “आत्या, दोन-दोन खुणा कशाला? दोरा ठरलाय ना आता? सांगून टाक, आजपासून एकच खूण.”

“आणि कापलेल्यांचं काय करू?”

“त्यांनाही दोरा बांधून टाक.”

आत्याने एक पिकलं फळ तळहातावर घेतलं. देठ तांबूस पडला होता. तिने बोट नुसतं टेकवलं, आणि फळ सुटून तिच्या हातात आलं.

“पिकल्या फळाचा देठ असा असतो,” ती म्हणाली. “दोरा बांधायला गेलं, तर निम्मी चिखलात पडतील. आणि दुसरं सांगू का? ज्या बाईने ही पाकळी कापली, तिने माझ्या शब्दावर कापली. मीच तिला म्हणाले होते, दोन पाकळ्या काप, पुढचं मी पाहते. दोरा मला नंतर सुचला. मला नवं सुचलं म्हणून तिचं क्रॉसिंग खोटं होत नाही ना रे?”

“पण जुनी खूण चुकीची होती, असं तूच म्हणतेस.”

“होती ना, म्हणून तर मला दाखव म्हणते. मी पाहते, खात्री करते, मगच टोपलीत जाऊ देते. नवीन कळीला मात्र आता दोराच. पाकळी कापायची नाही.”

“मग जुनी खूण बंद कधी होणार?”

“तसलं शेवटचं फळ झाडावरून उतरेल त्या दिवशी. बायांना सांगून ठेवलंय, संक्रांतीनंतर फक्त दोरा. तरी एखादं राहिलंच, तर कच्चं तोडून फेकणार नाही मी. पिकू देईन.”

भाचा तिथेच थबकून राहिला. मग दोन्ही दारं नीट लावून बाहेर पडला.

रात्री माडीवर सगळं तयार होतं. एक कळ दाबायची, एवढंच. त्याने जुन्या १४३ नावांची यादी पुन्हा उघडली. दुपारपर्यंत त्याला त्यात गवत दिसत होतं. आता प्रत्येक नावावर कोणाचं तरी फळ लटकलेलं दिसू लागलं. हे फंक्शन त्यानेच सांगितलं म्हणून चिखलीच्या मित्राने वापरलं होतं. ते दुसरं जालन्याच्या पेटीत होतं, आणि त्या पेटीच्या भरवशावर कोणीतरी फवारणीची वेळ ठरवत होता. नावं ओबडधोबड होती, पण त्यांवर उभं राहिलेलं काम खरं होतं. त्याने कळ दाबली नाही.

पुढचे तीन आठवडे तो पुन्हा कामाला लागला. नवी ३१ फंक्शनं तशीच ठेवली. त्यांच्या वर जुन्या नावांचा एक पातळ थर बांधला. जुन्या नावाने हाक मारली की थर ती नव्या शब्दांत आत पोचवायचा आणि उत्तर जुन्या रूपात परत द्यायचा. पत्ता देणाऱ्या नऊ फंक्शनांपाशी तो अडला. ती जशीच्या तशी ठेवणं म्हणजे माशीला दार उघडं ठेवणं. मग त्याने आतल्या जागेऐवजी वेगळ्या काढलेल्या नकलेचा पत्ता द्यायला सुरुवात केली. चार मिनिटं म्हणजे चारच मिनिटं, ती नक्कल कोणी झाडून नेणार नव्हतं. आणि जुन्या नावाची प्रत्येक हाक तो वहीत टिपू लागला. ‘टोपलीत टाकायच्या आधी मला दाखव’ ते हेच.

लुआची माणसंही असंच करत आली आहेत, हे त्याला तेव्हा नीट उमगलं. प्रत्येक आवृत्तीच्या माहितीपुस्तकात मागच्या आवृत्तीशी काय जुळत नाही याचं वेगळं प्रकरण असतं, आणि ५.१ पासून काही जुन्या गोष्टी आणखी एक पिढी चालाव्यात म्हणून चालू-बंद करायच्या कळाही दिलेल्या असतात. पायथॉनच्या मंडळींनी २०११ च्या ३.२ आवृत्तीत फंक्शनांचा एक मोजका संच बाजूला काढला आणि तिसऱ्या पिढीभर तो मोडणार नाही असा शब्द दिला. आधी वाचताना हे तपशील त्याने ओलांडले होते, कारण तेव्हा त्याचं लक्ष फक्त दाराच्या सुबकपणावर होतं.

मग त्याने एकेकाला फोन केला. काय बदलतंय, का बदलतंय, आणि तुमचं कोणतं नाव कशाने बदलायचं, हे सांगितलं. चिखलीच्या मित्राने सगळं ऐकून विचारलं, “नियम चालता चालता अडकला, तर त्याला बाहेरून थांबवायचं फंक्शन कुठे गेलं?”

भाच्याने ते काढून टाकलं होतं. त्याच्या चाचण्यांत नियम कधी अडकलाच नव्हता. शेतकऱ्यांनी लिहिलेले नियम मात्र कधी कधी स्वतःभोवतीच गोल फिरत राहायचे, आणि मित्र वर्षभर त्या एका फंक्शनवर निभावून नेत होता. त्या शुक्रवारी रात्री कळ दाबली असती, तर हे कळलं नसतं. ३१ ची ३२ झाली.

शेवटी त्याने मुदत सांगितली. “पुढच्या बालाजीच्या यात्रेपर्यंत जुनी नावं चालतील. हंगामाच्या मध्यात कोणाचं काही बंद होणार नाही.”

वर्ष सरलं. वहीतल्या नोंदी आधी पानभर असायच्या, मग दहा ओळी, मग दोन. जालन्याची पेटी नव्यावर आली, चिखलीच्या मित्राने आपल्या पेट्या एकेक करून बदलल्या. पुन्हा आश्विन आला, यात्रेच्या मंडपाचे खांब उभे राहिले आणि उतरले. मुदत संपली त्या सकाळी भाच्याने वही उघडली. जुन्या नावाने हाक मारणारी एकच पेटी उरली होती, आणि ती आत्याच्या शेडनेटातली होती.

त्याने मित्राला फोन लावला. मित्र संकोचून म्हणाला, “आत्याची पेटी मुद्दाम शेवटी ठेवली होती रे. त्या रात्रीनंतर तिला हात लावायचा धीर होईना. आणि आता तर क्रॉसिंग सुरू झालंय. तू जुनं बंद कर, मी आज येऊन कसंतरी बदलतो.”

“कसंतरी नको,” भाचा म्हणाला. “फळं उतरू देऊ.”

त्याने मुदत झाल्याची नोंद सगळ्यांना पाठवली, नव्यांसाठी जुनी नावं बंद केली, आणि एका पेटीसाठी तो पातळ थर उभा ठेवला. संक्रांतीनंतर शेवटचे क्रेट गेले. शेडनेट रिकामं झालं, तेव्हा दोघे मित्र पेटी बदलायला गेले. अर्ध्या तासाचं काम होतं. संध्याकाळी भाच्याने वही पाहिली, त्या दिवशी एकही नोंद नव्हती. मग त्याने तो थर स्वतःच्या हाताने काढला. कोणालाच काही कळलं नाही, आणि कळायचं कारणही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो आत्याला हे सांगायला गेला. ती पुढच्या हंगामासाठी बेड मोकळे करत होती. शेडनेटात तेव्हा राखण्यासारखं एकही झाड नव्हतं. तरी तो आत आल्याची चाहूल लागताच तिने मान न वळवता विचारलं, “मागचं दार लावलंस ना?”

“लावलं आत्या,” तो म्हणाला.

तात्पर्य : आपलं दार चुकलं असेल तर ते जरूर नव्याने बांधावं, पण आपल्या शब्दावर दुसऱ्याने केलेलं काम आपल्या नव्या विचाराने खोटं ठरवू नये. जुन्या खुणेचं शेवटचं फळ झाडावरून उतरेपर्यंत ती खूण खरीच मानावी.